नवी मोटार, तिची सुरक्षेची साधने आणि आपली उसाची ट्रॉली

(शेतकी खात्याकडून)



या अंकात आम्ही बेणे, लागण किंवा खोडकिडीबद्दल लिहावे अशी आपली अपेक्षा असणार. तो मजकूर पुढील अंकी देऊच. आजचा विषय वरकरणी शेतकी खात्याचा नाही. मोटारगाडीवर ऊसवाल्यांनी कशाला बोलावे, असे कोणी म्हणेलही. पण गेल्या गळीत हंगामात एक गोष्ट घडली आणि ती आमच्या खात्याशी अगदी निगडित निघाली, म्हणून लिहिणे भाग आहे.

आपल्याच एका सभासद बंधूंनी धानाचे व उसाचे पैसे मिळून, थोडे कर्ज काढून, नवी मोटार घेतली. पेढे घेऊन गट कार्यालयात आले. "साहेब, समोर काही आलं तर हे गाडी सोताच थांबते जी," असे मोठ्या कौतुकाने सांगू लागले. आम्हीही आत बसून पाहिले. पडद्यावर मागचा रस्ता दिसतो, पट्टा लावला नाही तर घंटी वाजते, काचेच्या वरच्या बाजूला कॅमेरा. आनंदच वाटला. पंधरा-वीस दिवसांनी तेच गृहस्थ कपाळाला पट्टी बांधून आले. रात्री नऊच्या सुमारास गोंदियाहून परत येताना रस्त्याच्या कडेला एक भरलेली ट्रॉली उभी होती. चाक बसलेले, मागे दगड लावलेला, ड्रायव्हर मिस्त्री आणायला गावात गेलेला. दिवा नाही, कंदील नाही. गाडीने इशारा दिला तो अगदी शेवटी. यांनी सर्व जोर लावून ब्रेक दाबला. ट्रॉलीबाहेर लोंबणारे ऊस समोरची काच फोडून डाव्या सीटवर आले. त्या सीटवर एरवी त्यांच्या सौभाग्यवती बसतात. त्या दिवशी त्या माहेरी होत्या.

ती ट्रॉली आपल्याच कारखान्याची तोड घेऊन आपल्याच यार्डाकडे निघाली होती. आणि ट्रॉलीच्या मागे लावायचे चमकणारे लाल कापड, ज्याला सर्व रिफ्लेक्टर म्हणतात, त्याचा गठ्ठा आमच्या गट कार्यालयात कपाटावर बांधलेला पडून होता. वाटप "उद्या करू" म्हणून राहिले होते. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लपवून उपयोग नाही.

"मग गाडी थांबली का नाही?" हा त्यांचा प्रश्न होता. त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. नंतर माहीतगारांना विचारून, गाडीसोबत मिळणारे पुस्तक वाचून जे समजले ते येथे देत आहोत. कार्यक्षेत्रात आता बऱ्याच सभासदांकडे मोटारी झाल्या आहेत, आणि ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रॉलीही आहे.

धडक म्हणजे काय

प्रथम धडकेचा हिशेब पाहू. ताशी ६४ किलोमीटर वेगातील गाडी पक्क्या भिंतीवर आदळली तर तो मार सुमारे पन्नास फूट खोल कोरड्या विहिरीत गाडी सोडून दिल्यासारखा असतो. वेग दुप्पट झाला की मार दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून ४० आणि ८० यांत मोठा फरक आहे.

हा मार शरीरापर्यंत पोचू नये म्हणून नव्या गाडीची रचना केलेली असते. वरून टाकलेले खताचे पोते हात ताठ ठेवून झेलले तर कंबर धरते, आणि हात मागे घेत झेलले तर काही होत नाही. गाडीचे नाक तेच काम करते. ते मुद्दाम असे केलेले असते की धडकेत घडी घालत मागे यावे. बसण्याची जागा मात्र कठीण पोलादाच्या पिंजऱ्यासारखी राहावी. जुने लोक म्हणतात, "पूर्वीच्या गाडीचा पत्रा कसा जाड, आताच्या डब्यासारख्या चेपतात." नाक चेपते ते माणूस चेपू नये म्हणूनच. पण पिंजराही चेपला तर ती गाडी खरोखर डबाच. सन २०१४ च्या जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप' या परदेशी संस्थेने आपल्याकडे खूप खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची सर्वांत साध्या प्रकारातील मॉडेले आपटून पाहिली तेव्हा पाचांनाही मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर चित्र बदलले. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटांची नेक्सॉन सन २०१८ मध्ये पाच तारे मिळविणारी पहिली भारतीय गाडी ठरली.

आता आपल्या देशाची स्वतःची चाचणी आहे. 'भारत एनकॅप' १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, समोरच्या रुंदीचा ४० टक्के भाग लागेल अशी, चेपणाऱ्या अडथळ्यावर आपटतात. बाजूनेही धडक देतात. मोठ्या माणसांच्या सुरक्षेला ३२ पैकी व मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण असतात. चाचणी कंपन्यांना सक्तीची नाही. तेव्हा गाडी घेताना विक्रेत्याला सरळ विचारावे, "या मॉडेलला तारे किती, आणि मुलांसाठी किती?" आपण बेणे घेताना कोणत्या मळ्यातले, किती महिन्यांचे, हे विचारतो. सात-आठ लाखांच्या वस्तूला एवढे विचारणे जास्त नाही. छतावर काच आहे का, हे नंतर विचारले तरी चालते.

पट्टा पहिला, फुगा नंतर

तीन टोकांचा सीटबेल्ट व्होल्व्हो कंपनीचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी सन १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले ठेवले. आजवर मोटारीत आलेल्या सर्व साधनांत इतके स्वस्त आणि इतके उपयोगी दुसरे नाही. पट्टा खांद्याच्या हाडावरून आणि कमरेच्या हाडावरून जावा, पोटावरून नाही. गरोदर भगिनींनी खालचा पट्टा पोटाच्या खाली घ्यावा.

एअरबॅग, म्हणजे हवेचा फुगा, हा पट्ट्याचा सोबती आहे. पट्ट्याच्या बदली तो चालत नाही. पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळात तो फुगतो आणि त्याच जोराने समोर येतो. पट्टा असेल तर शरीर मागे धरलेले राहते व डोके फुगलेल्या उशीवर टेकते. पट्टा नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला गेलेला असतो, आणि फुगताना तो फुगा तोंडावर बुक्की मारावी तसा लागतो. यासाठीच पुढच्या सीटवर मांडीवर लेकरू घेऊन बसू नये. पुष्कळ घरी नातू आजोबांच्या मांडीवर पुढेच बसतो. धडकेत आजोबांचे हात त्याला धरू शकत नाहीत, पैलवानाचेही धरू शकणार नाहीत. मूल मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या खुर्चीत, पट्ट्याने बांधून बसवावे.

मागे बसणाऱ्यांना पट्टा लागत नाही, हा दुसरा गैरसमज. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात वारले. गाडी परदेशी कंपनीची, महागडी, फुगे पुष्कळ. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले होते. कायद्याने मागच्यांनाही पट्टा आवश्यक आहे, आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.

येथे आपल्या मंडळींच्या दोन 'हुशाऱ्या' सांगितल्याच पाहिजेत. घंटी वाजते म्हणून बाजारातून नुसती क्लिप आणून खाचेत अडकविणे ही पहिली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा विकणे बंद करण्याचे आदेश दिले, तरी त्या अजून गाड्यांत दिसतात. गाडीला फसवून कोणाला फसविले हे ज्याचे त्याने पाहावे. दुसरी हुशारी म्हणजे पुढे लोखंडी गार्ड बसविणे. गार्डमुळे धडक नाकाऐवजी थेट चॅसिसवर जाते, नाकाला घडी घालायला सवड मिळत नाही, आणि फुग्याला फुगण्याची आज्ञा देणारा सेन्सर चुकू शकतो. सन २०१७ च्या डिसेंबरातच केंद्र सरकारने असे गार्ड बेकायदेशीर असल्याचे सर्व राज्यांना कळविले आहे. जाड गादीचे सीटकव्हर घालतानाही पाहून घ्यावे. काही गाड्यांत बाजूचे फुगे सीटच्या शिवणीतून बाहेर येतात.

ब्रेक आणि तोल

एबीएस हे साधन एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीचे आहे. जोरात ब्रेक मारला तर चाक जाम होऊन घसरते आणि घसरणाऱ्या चाकाला वळविता येत नाही. एबीएस चाकाला सेकंदात अनेकदा धरते-सोडते, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग चालते. त्या वेळी पायाखाली ब्रेक थरथरतो, घरघर आवाज येतो. काही चालक घाबरून पाय उचलतात. उचलू नये, दाबून धरावे. एवढे मात्र लक्षात ठेवावे की मुरमावर, सुट्या गिट्टीवर किंवा रस्त्यावर वाळत टाकलेल्या धानावर एबीएसने अंतर कमी होईलच असे नाही.

ईएससी, म्हणजे तोल सांभाळणारे साधन, याच्या एक पाऊल पुढे जाते. गाडी स्टिअरिंगच्या दिशेने न जाता फिरू लागली तर ते एखाद्याच चाकाचा ब्रेक लावून तिला सरळ करते. याचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, सडक अर्जुनी तालुक्यातील डव्वा परिसरात, भंडाऱ्याहून येणारी शिवशाही बस उलटली आणि दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वळणावर पुढे आलेल्या दुचाकीला वाचविताना ताबा सुटला, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. अचानक हुकविणे आणि वळण एकत्र आले की वाहन कसे फिरते ते यावरून दिसते. कोणतेही साधन अशा वेळी थोडीच मदत करते, वेग जास्त असेल तर तेवढीही नाही. तरी दोन प्रकारांतून निवड करायची असेल तर मोठ्या पडद्याची गाडी सोडून ईएससी असलेली घ्यावी.

गाडीचे डोळे

आता मूळ प्रश्न. गाडी "स्वतः थांबते" ती कशी? या साधनांना मिळून 'एडास' म्हणतात. आपल्या देशात सन २०२० नंतर ती येऊ लागली. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मुळे, म्हणजे २०२१ पासून, ती विशेष माहीत झाली. युरोपात आपोआप ब्रेक लावणारे साधन जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचे झाले आहे. तेव्हा ही नुसती चैनीची वस्तू आहे असे आमचे म्हणणे नाही.

गाडीला डोळे दोन प्रकारचे असतात. एक कॅमेरा, आरशाजवळ काचेमागे. दुसरे रडार, पुढच्या जाळीत किंवा बंपरात. रडार लहरी सोडते व त्या आदळून परत आल्या की अंतर आणि वेग मोजते. लोखंडावरून लहरी चांगल्या परततात. पण रस्त्याकडेला लोखंड पुष्कळ असते: पुलाचे कठडे, पाट्या, खांब. प्रत्येकासाठी गाडीने ब्रेक मारला तर ती चालायचीच नाही, आणि मागचा मोटारसायकलवाला येऊन आपटेल. म्हणून पुष्कळ गाड्यांत रडारने उभी दिसलेली वस्तू लगेच मानली जात नाही. कॅमेऱ्याने "होय, हे वाहनच आहे" असे ओळखले की मगच पुढची हालचाल.

आणि कॅमेरा ओळखतो काय? त्याला लाखो चित्रे दाखवून शिकविलेले असते. मोटारीची पाठ, ट्रकची पाठ, मोटारसायकल, पायी चालणारा माणूस. आपली उसाची ट्रॉली रात्री यांपैकी कशासारखीही दिसत नाही. पाठ सपाट नाही, दोन दिवे नाहीत, नंबरपाटी उसाने झाकलेली. अंधारात ती एक काळा ढीग असते. त्यातही चाके आणि आस पुढे राहतात आणि ऊस चार-पाच फूट मागे लोंबतो, तोही बंपरच्या वर, थेट काचेच्या पातळीत. रडार खालच्या लोखंडाचे अंतर मोजते, ऊस त्याच्या आधी काचेला लागतो. गाडीचे घडी घालणारे नाक ट्रॉलीखाली शिरते, त्याला काम करायला मिळतच नाही. पाच तारे ज्या अडथळ्यावर मिळतात तो जमिनीपासून सुरू होतो. ट्रॉलीखाली मोकळी जागा असते.

आमच्या सभासद बंधूंच्या गाडीत बिघाड नव्हता. तिच्या पुस्तकातच लिहिलेले सापडले की धुके, पाऊस, अंधार, चिखलाने माखलेली काच आणि नेहमीपेक्षा वेगळ्या आकाराची वाहने असतील तर साधन काम न करण्याचा संभव आहे, आणि जबाबदारी चालकाचीच. पुस्तक गाडीच्या खणात पिशवीसकट तसेच होते.

याच न्यायाने पट्ट्यात ठेवणारे साधनही पाहावे. ते रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचते. देवरी-साकोलीच्या बाजूला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर पट्टे आहेत, तेथे त्याचा उपयोग होईल. टोल्या-टोलीच्या रस्त्यावर, मामा तलावाच्या पाळीवरून जाताना ते मुके राहते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तलावांवरचे धुके रस्त्यावर उतरते तेव्हा कॅमेऱ्याला आपल्याइतकेच कमी दिसते. नागझिरा-नवेगावच्या मधल्या जंगलात तर रानडुक्कर, चितळ केव्हा आडवे येईल सांगता येत नाही. मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये मोटारीच्या धडकेने वाघ मेला होता. डोळे कितीही असले तरी तेथे वेग हाच उपाय.

अंतराचा हिशेब

हिशेब असा. चालकाला वस्तू दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ८० च्या वेगात एवढ्या वेळात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८. डिपरच्या उजेडात काळी ट्रॉली ४०-५० मीटरवर आल्याशिवाय धड दिसत नाही. म्हणजे ८० च्या वेगात ती दिसली तेव्हाच वेळ गेलेली असते. ताशी ६० ला एकूण सुमारे ४५ मीटर लागतात, तेथे कसेबसे जमते. पाऊस-चिखल असेल तर तेही नाही.

त्याच ट्रॉलीला मागे चांगले लाल चमकपट्टे असतील तर ती दीड-दोनशे मीटरवरून दिसते. चालकाला दिसते आणि कॅमेऱ्यालाही काहीतरी धरायला मिळते. लाखो रुपयांच्या गाडीतील सर्व साधनांना जे जमले नाही ते शे-दोनशे रुपयांच्या कापडाने जमले असते. नियमानुसार मागे लाल, पुढे पांढरे व बाजूला पिवळे पट्टे असावेत. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागच्या ट्रॉलीलाही, आणि ते पट्टे उसाखाली झाकले जाऊ नयेत. बंडीवाल्यांनीही पट्टा मागच्या लाकडावर ठोकून घ्यावा, बैलांच्या शिंगांना लावला तरी उत्तम. हे साहित्य वेळेवर पोचविणे आमचे काम होते आणि त्यात आम्ही कमी पडलो.

म्हणून येत्या हंगामासाठी पुढीलप्रमाणे ठरले आहे. चमककापड गट कार्यालयातून न देता तोडीच्या पहिल्या चिठ्ठीसोबतच वाहनमालकाच्या हाती दिले जाईल व सही घेतली जाईल. यार्डाच्या फाटकावर अंधार पडल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीवर मागून बॅटरी मारून पाहिली जाईल. पट्टा चमकला नाही तर ओला फडका तेथेच ठेवलेला आहे. धूळ पुसूनही चमकला नाही तर नवे कापड बांधल्याशिवाय काट्यावर नंबर लागणार नाही. मागे लोंबणारा ऊस फडातच छाटून किंवा दोराने आवळून भरावा, याबद्दल मुकादमांना वेगळे कळविले आहे. वाटेत ट्रॉली बंद पडली तर चालकाने ती सोडून जाऊ नये. जाणे भागच असेल तर कोणाला तरी पन्नास पावले मागे, रस्त्याच्या कडेला, बॅटरी घेऊन उभे करावे आणि गटातील आमच्या माणसाला फोन करावा. ट्रॅक्टरमागे एक लाल दिवा व वायर कायम ठेवावी. ती नसल्यास आमच्या भांडारातून उसाच्या बिलावर उधार मिळेल.